मोटरसायकलच्या हेडचं पोर्टिंग: हाताने की सीएनसीवर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) खोललं, कार्बन साफ झाला, व्हॉल्व्ह लॅप करायला घेतले की कुणीतरी म्हणतंच, "आता पोर्टिंगपण करून घे." मग पुढचा प्रश्न येतो: ग्राइंडरवर हाताने करणाऱ्याकडे द्यायचं, की सीएनसीवर, म्हणजे संगणकावरच्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या मशीनवर? फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे घाई केली तर हेड भंगारात जातं.

पोर्टिंग म्हणजे हेडमध्ये नेमकं काय करतात?

हेडमध्ये हवेच्या दोन वाटा असतात, त्यांनाच पोर्ट म्हणतात. एक कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीकडून इनलेट व्हॉल्व्हपर्यंत येते, दुसरी एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून बेंड पाइपकडे जाते. हेड ओतताना या वाटा वाळूच्या कोअरने तयार होतात. त्यामुळे आतून पोर्ट खरबरीत राहतो, कुठे कोअरचा सांधा उठलेला दिसतो, आणि व्हॉल्व्ह सीटच्या (मिटलेला व्हॉल्व्ह टेकतो त्या) रिंगखाली जिथे कारखान्याचं कटर थांबलेलं असतं तिथे एक धार राहून जाते. पोर्टिंग म्हणजे ही वाट हव्या त्या आकाराला आणणं. सीटखालचा वाटीसारखा भाग, म्हणजे बाउल, सीटला बेमालूम मिळवायचा, व्हॉल्व्हची दांडी धरणाऱ्या गाइडभोवतीचा उंचवटा बारीक करायचा, वळणाला नीट गोलाई द्यायची, मॅनिफोल्डचं आणि हेडचं तोंड जुळवायचं. गॅरेजमध्ये सगळे 'पोर्टिंग-पॉलिश' एका दमात म्हणतात, पण त्यातलं पॉलिश सर्वांत कमी महत्त्वाचं.

हात की मशीन, सरळ उत्तर द्या.

तुमच्याच मॉडेलच्या हेडसाठी कुणी आकार शोधून, फ्लो बेंचवर (पोर्टमधून किती हवा वाहते ते मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) सिद्ध करून सीएनसी प्रोग्रॅम तयार ठेवला असेल, तर सीएनसी घ्या. तसा प्रोग्रॅम नसेल तर फ्लो बेंच असलेला चांगला हात शोधा. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांसाठी प्रोग्रॅम सहसा नसतोच. दोन्ही मिळत नसेल तर पोर्टच्या आकाराला हात लावू नका, फक्त व्हॉल्व्ह सीटचं काम उत्तम करून घ्या.

खरं तर या प्रश्नात लोक चुकीच्या जागी अडकतात. पोर्टचा आकार कुणी ठरवला आणि कशावर मोजला, हे आधी विचारायचं. तो धातूत ग्राइंडरने उतरवला की मशीनने, हे त्यानंतरचं.

मग सीएनसी मशीन आकार स्वतः शोधत नाही का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. आधी एखादा जाणकार एक पोर्ट हातानेच घडवतो. थोडं काढतो, बेंचवर लावतो, आकडा बघतो, पुन्हा थोडं काढतो. जास्त निघालं तर इपॉक्सी भरून परत आकार देतो. काही ठिकाणी सुरुवात संगणकावरच्या सिम्युलेशनने होते, पण खात्री शेवटी बेंचवर आणि डायनोवरच होते. पोर्ट पटला की तो मास्टर. मग प्रोबने किंवा स्कॅनरने, नाहीतर आत सिलिकॉन ओतून काढलेल्या ठशावरून त्याची मापं संगणकात जातात आणि फाइव्ह-ॲक्सिस मशीनसाठी टूलपाथ बनतो. बारीक मानेचं, गोळ्यासारख्या डोक्याचं लॉलीपॉप कटर काही भाग फ्लँजच्या (मॅनिफोल्ड बसतो त्या बाजूच्या) तोंडातून कापतं, उरलेला व्हॉल्व्हच्या बाजूने. दोन्ही मार्ग आत भेटतात तिथे किंचित पायरी राहिली तर ती हातानेच मिळवावी लागते.

म्हणजे बहुतेक सीएनसी पोर्ट ही कुणाच्या तरी हातच्या पोर्टची नक्कल असते. मूळ चांगलं असेल तर प्रत्येक नक्कल चांगली. मूळ फसलेलं असेल तर तीच चूक दर हेडला तंतोतंत.

हार्ले-डेव्हिडसनच्या एक्सआर-७५० या फ्लॅट ट्रॅक (मातीच्या ओव्हल ट्रॅकवरच्या रेसच्या) गाडीला १९७२ साली ॲल्युमिनियमची हेड आली. त्या हेडच्या पोर्टवर कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या जेरी ब्रँच यांनी फ्लो बेंचवर काम केलं. त्या काळी हात हाच मार्ग होता. आज त्याच कंपनीच्या स्क्रीमिंग ईगल यादीत सीएनसी पोर्ट केलेली हेड तयार मिळतात. तेच हेड पुन्हा पुन्हा विकलं जाणार असेल तर एकदा प्रोग्रॅमवर केलेला खर्च वसूल होतो. एकाच गाडीसाठी कुणी तो खर्च करत नाही. किमतीतल्या फरकाचं मूळ इथे आहे: सीएनसीत पैसा प्रोग्रॅम आणि फिक्श्चरमध्ये (हेड मशीनवर धरून ठेवणाऱ्या साच्यात) जातो, हाताच्या कामात माणसाच्या तासांत.

हाताने केलं तर ट्विन सिलिंडरचे पोर्ट सारखे येतात का?

येऊ शकतात, पण आपोआप येत नाहीत. चांगला पोर्टर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे साचे कापून ठेवतो. बाउलचा व्यास मोजायला टेलिस्कोपिक गेज, गोलाई तपासायला रेडियस गेज, आणि शेवटी पोर्टचं आकारमान मोजायला ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली नळी). व्हॉल्व्ह बसवून पोर्टचं तोंड वर करायचं, फ्लँजवर ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवायची आणि तिच्या भोकातून रंगीत रॉकेल किंवा स्पिरिट सोडायचं. किती सीसी मावलं ते लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या पोर्टशी ताडून बघायचं. पण आकारमान सारखं आलं म्हणजे आकार सारखा झाला असं नाही. एका ठिकाणी कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त काढूनही बेरीज जुळते. म्हणून ब्युरेटसोबत फ्लोचे आकडेही हवेत.

चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हच्या हेडमध्ये हातावरचा ताण खूप वाढतो. पहिल्या पोर्टला असलेली एकाग्रता शेवटच्या पोर्टपर्यंत टिकवणं कठीण. तिथे मशीनची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे. सिंगल सिलिंडरला हा मुद्दाच उरत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या सिंगल आहेत.

सीएनसीत प्रत्येक हेड अगदी अचूक येत असेल ना?

मशीनची वाट अचूक असते. ओतीव हेड तितकं अचूक नसतं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओतताना कोअर अर्धा मिलिमीटर सरकला की आतला पोर्ट तेवढा सरकतो, बाहेरून मात्र काही दिसत नाही. सीएनसी मशीन हेडचा संदर्भ फेस केलेल्या तळावरून आणि डॉवेलच्या भोकांवरून घेतं. पोर्ट सरकलेला असेल तर कटर एका बाजूला जास्त धातू काढतं आणि दुसऱ्या बाजूला धातूला टेकतही नाही. सीएनसी केलेल्या पोर्टमध्ये मध्येच कास्टिंगचा खरबरीत पट्टा तसाच राहिलेला दिसला, तर कारण बहुधा हेच.

त्या पट्ट्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. गिऱ्हाइकाला सगळा पोर्ट चकचकीत कापलेला हवा असतो, म्हणून काही प्रोग्रॅम मुद्दाम किंचित मोठे ठेवतात, जेणेकरून कोअर कसाही सरकलेला असो, कटर सगळीकडे लागेल. असा पोर्ट फोटोत देखणा दिसतो, पण गरजेपेक्षा मोठा झालेला असतो. मला तो खरबरीत पट्टा राहिलेला पोर्ट जास्त विश्वासाचा वाटतो.

हाताने काम करणारा कास्टिंगप्रमाणे वागतो. एका बाजूला भिंत पातळ दिसली की तिथे थांबतो आणि समोरच्या बाजूने काढतो. भिंत पातळ होत आली की बरचा (ग्राइंडरला लावलेल्या दातेरी कटरचा) आवाज बदलतो, हे अनुभवी माणसाच्या कानाला कळतं, पण कानावर विसंबू नये. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज लावावं, आणि त्याहून चांगलं म्हणजे त्याच मॉडेलचं एक भंगारातलं हेड पोर्टच्या मधोमध उभं कापून बघावं. कापलेल्या हेडमध्ये सगळं उघड होतं: पाण्याचा जॅकेट कुठे जवळ येतो, स्प्रिंग सीटखाली किती धातू आहे, तेलाची वाट कुठून जाते. ज्याच्या टेबलावर असं कापलेलं हेड पडलेलं दिसतं, त्याच्याकडे काम द्यायला मला निम्मी काळजी वाटते.

आमच्या ओळखीत भोसरीला व्हीएमसी आहे. तिथे सीएनसी पोर्टिंग होईल का?

भोसरी, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव, सातपूर: व्हीएमसी, म्हणजे उभी सीएनसी मिलिंग मशीन, आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पण थ्री-ॲक्सिस व्हीएमसीचं टूल वरून सरळ खाली उतरतं. पोर्ट मात्र आत वळतो, आणि त्या वळणाच्या आतली बाजू टूलला दिसतच नाही. फोर्थ ॲक्सिस लावला तरी पूर्ण वळण हाती लागत नाही. त्यासाठी फाइव्ह-ॲक्सिस, योग्य कटर आणि मुळात तो पोर्ट मोजून बनवलेला प्रोग्रॅम लागतो.

व्हीएमसीवर जे होतं ते मात्र हाताच्या कामापेक्षा सरस होतं. हेड फेसिंग, फ्लँजचं तोंड सपाट करणं, व्हॉल्व्हच्या कोनात फिक्श्चर बनवून नवीन सीटसाठी खाच बोअर करणं, सीटखालचा घसा एका मापाचा करणं. ही सरळ कामं मशीनवर आणि वळणाचं काम हाताने, अशी वाटणी केली तर स्थानिक पातळीवर उत्तम निकाल मिळतो. पोर्टरला आणि व्हीएमसीवाल्याला एकदा समोरासमोर बसवा म्हणजे झालं.

पोर्ट मोठा केला की ताकद वाढतेच ना?

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक समज. हवेला वेग हवा. वेगाने येणाऱ्या हवेच्या जोरामुळे पिस्टन तळाला जाऊन वर निघाला तरी सिलिंडर भरत राहतो.

हिशेब करून बघू. २०१८ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६७.८ मिमी, आणि कंपनीने सांगितलेली कमाल ताकद ७२५० आरपीएमला. त्या आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे १६.४ मीटर. आता समजा इनलेट पोर्ट, दोन व्हॉल्व्हकडे फुटण्याआधी, ३२ मिमीचा गोल आहे (हा हिशेबापुरता पोर्ट, त्या गाडीचं खरं माप नव्हे). बोअरचं क्षेत्रफळ भागिले पोर्टचं क्षेत्रफळ, गुणिले पिस्टनचा वेग: पोर्टमधल्या हवेचा सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे ९७ मीटर. कमाल ताकदीच्या आरपीएमला शंभरच्या आसपासचा वेग ठीक मानतात. आता कुणी सगळीकडून फक्त दोन-दोन मिलिमीटर घासून तो पोर्ट ३६ मिमी केला. क्षेत्रफळ सव्वापटीहून वाढलं आणि वेग उतरला ७७ वर. ३५०० आरपीएमला, म्हणजे शहरात आपण गाडी चालवतो तिथे, ४७ चा वेग ३७ झाला. पिकअप गेलं, खालचा टॉर्क गेला, आणि वरच्या टोकाला जे मिळालं ते वापरायला ट्रॅक लागतो.

दोन मिलिमीटर म्हणजे हातातल्या कार्बाइड बरचं थोड्याच वेळाचं काम. ॲल्युमिनियम फार लवकर निघतं. मशीन निदान प्रोग्रॅमच्या पुढे जात नाही, ही सीएनसीची खरी सुरक्षितता आहे.

सगळ्यात नाजूक जागा कोणती?

पोर्टच्या तळाशी, व्हॉल्व्हकडे वळतानाची आतली कड. पोर्टरच्या भाषेत शॉर्ट साइड. खंबाटकीच्या वळणावर वेगात आलेली गाडी जशी आतली कड सोडून बाहेर फेकली जाते, तशीच हवा इथे तळापासून सुटते. हवा सुटली की व्हॉल्व्हचा तेवढा भाग वाया जातो, आणि बेंचवर जास्त लिफ्टला (व्हॉल्व्ह जास्त उघडल्यावर) आकडा वाढायचा थांबतो, कधी उलट घसरतो. नवखा माणूस नेमकी हीच कड घासतो, कारण ती समोर दिसते आणि बर तिथे सहज पोहोचतो. कड खाली गेली की वळण आणखी तीव्र होतं. पोर्टच्या छताकडून आणि बाउलच्या बाजूंनी काढलेलं पुष्कळदा माफ असतं. तळ खोल गेला तर वेल्डिंगशिवाय परत येत नाही.

फोर-व्हॉल्व्ह हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या मधली पडदी हीसुद्धा अशीच जागा. तिची पुढची कड गोलसर आणि मागे निमुळती हवी. सुरीसारखी धार केली तर उपयोग नाही.

सीएनसीच्या रेषा पॉलिश करून घ्याव्यात का?

इनलेटमध्ये नाही. कटरच्या फेऱ्यांमधल्या बारीक रेषा तशाच राहू द्या. हाताच्या कामातही इनलेटला ६० ते ८० ग्रिटचा पेपर फिरवून थांबतात. आरशासारखा इनलेट पोर्ट पेट्रोलला आवडत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब गुळगुळीत भिंतीवर धार होऊन वाहतात, हवेत मिसळत नाहीत. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हजवळ उडतं म्हणून हा त्रास कमी, पण पॉलिशचा फायदा तरीही काही नाही. एक्झॉस्ट पॉलिश केला तर कार्बन थोडा उशिरा चिकटतो, इतकंच.

व्हॉल्व्ह सीटचं काम इतकं महत्त्वाचं का म्हणता?

कारण हवा सगळ्यात अरुंद जागेतून जाते ती तिथे. व्हॉल्व्ह उघडायला लागतो तेव्हा वाट म्हणजे व्हॉल्व्हचा घेर गुणिले लिफ्ट. ३३ मिमीचा व्हॉल्व्ह घ्या: लिफ्ट त्याच्या पावपट, म्हणजे सव्वाआठ मिमी होईपर्यंत ही फट व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा लहानच असते. तोपर्यंत सगळा कारभार सीटच्या आणि व्हॉल्व्हच्या कोनांचा. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडा एकदाच असतो, अर्धा उघडा मात्र दोनदा असतो, उघडताना आणि मिटताना. रोजच्या गाड्यांत लिफ्ट त्या पावपटीच्या आसपास किंवा आतच संपते. म्हणून पोर्ट कितीही सुंदर असो, सीट वाईट असेल तर सगळं फुकट.

नेहमीची रचना तीन कोनांची: ४५ अंशांची खरी सीट, तिच्या वर चेंबरकडे ३० आणि खाली बाउलकडे ६०. इनलेटच्या सीटची रुंदी साधारण एक मिमीच्या आसपास, एक्झॉस्टची थोडी जास्त, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच हेडला देतो. फार बारीक एक्झॉस्ट सीट रस्त्यावरच्या गाडीत व्हॉल्व्ह जाळते. घशाचा व्यास व्हॉल्व्हच्या ८५ ते ९० टक्के ठेवतात, म्हणजे ३३ च्या व्हॉल्व्हला साधारण २८ ते पावणेतीसच्या दरम्यान.

हे काम गाइडच्या रेषेत व्हायला हवं. गाइडमध्ये पायलट घालून एकाच ब्लेडने तिन्ही कोन एका वेळी कापणारी सीट मशीन मोठ्या शहरांतल्या चांगल्या हेड शॉपमध्ये असतात. हाताच्या कटरनेही नीट होतं, पण आधी गाइड तपासा. झिजलेल्या गाइडवर कापलेली सीट गोल असते, फक्त व्हॉल्व्ह तिच्यावर मधोमध बसत नाही. आणि क्रम लक्षात ठेवा: गाइड, मग पोर्टचं खडबडीत काम, मग सीट, आणि शेवटी सीटखालची कड अगदी हलक्या हाताने मिळवणं. सीट कापून झाल्यावर बर फिरवणाऱ्याचा हात एकदा जरी घसरला तरी सीट पुन्हा कापावी लागते.

सीट कापली की व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि त्याची शेपटी वर येते. स्क्रू टॅपेटच्या गाडीत ते सेटिंगमध्ये निघून जातं. शिमच्या (व्हॉल्व्हची फट राखणाऱ्या पातळ चकत्यांच्या) गाडीत नवीन शिम लागतात. हायड्रॉलिक टॅपेट असेल, जसं यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनच्या) बुलेटमध्ये, तर त्याची मर्यादा बघून घ्यावी लागते. कोटिंग असलेले व्हॉल्व्ह असतील तर लॅपिंग पेस्ट अजिबात लावू नका, कोटिंग निघून जातं.

फ्लो बेंचचे आकडे कसे वाचायचे?

पहिला प्रश्न: किती दाबावर? फ्लोचा आकडा दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पाण्याच्या १० इंचांवर ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) दाखवणारं हेड २८ इंचांवर १०० दाखवतं, धातूचा कणही न काढता. दोन शॉपचे आकडे दाब न विचारता शेजारी ठेवू नका.

दुसरं, एकच मोठा आकडा मागू नका. दर मिलिमीटर लिफ्टला किती, आधी किती आणि नंतर किती, अशी तक्त्यात मागा. तुमच्या कॅमची लिफ्ट आठ असताना अकराला किती वाहतं याचा काय उपयोग? आणि पोर्ट मोठा न करता फ्लो वाढला असेल तर ते खरं काम. त्यासाठी फ्लोच्या शेजारी पोर्टचे सीसी लिहिलेले हवेत.

बेंच नसलेल्या माणसाकडे पोर्टिंग करावं का? तोंड जुळवणं, कोअरचा सांधा साफ करणं, सीटखालची धार मिळवणं इतकं खुशाल करून घ्या. त्यापुढे नको.

माझ्या गाडीला काय योग्य?

आरएक्स १०० वाल्यांचा पहिला प्रश्न नेहमी "हेड पोर्टिंग" असतो. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये पोर्टच नसतात. तिथे फक्त डोम आणि प्लग. इनलेट, ट्रान्सफर, एक्झॉस्ट सगळे ब्लॉकमध्ये असतात, आणि त्यांची उंची बदलली की पोर्ट उघडण्याची वेळच बदलते. ते पूर्ण वेगळं शास्त्र आहे, या पानाचं त्याला लावू नका.

जुनी ३४६ सीसीची बुलेट, ७० बोअर आणि ९० स्ट्रोक. लांब स्ट्रोक, कमी आरपीएम, दोन व्हॉल्व्ह. इथे हाताचं नेमस्त काम छान लागू पडतं: बाउल, गाइडचा उंचवटा, सीट. पोर्टचा व्यास वाढवायचा मोह टाळा, या गाडीचा जीव खालच्या टॉर्कमध्ये आहे.

केटीएम ३९० च्या ३७३ सीसी इंजिनचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०. फोर-व्हॉल्व्ह, वर फिरणारं इंजिन, आणि कारखान्यातूनच चांगले पोर्ट. इथे अर्धवट हाताने मिळवण्यापेक्षा घालवण्याची शक्यता मोठी. सिद्ध प्रोग्रॅम मिळत असेल तर सीएनसी, नाहीतर सीट आणि मॅप (इंजिनच्या संगणकातला पेट्रोलचा तक्ता). इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटी ६५० ला दोन सिलिंडर सारखे ठेवायचे असतात, शिवाय हे इंजिन बाहेरच्या देशांतही ट्यून होतं. इथे सीएनसीचा पर्याय शोधण्यात अर्थ आहे.

रोज ऑफिसला जाणारी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असेल तर पोर्टिंगचे पैसे टायर आणि ब्रेकवर घाला. मनापासून सांगतो.

किती ताकद वाढेल? ॲव्हरेज वाढेल का?

ॲव्हरेजसाठी पोर्टिंग करू नका. ताकदीचं म्हणाल तर एअर फिल्टर बॉक्स, थ्रॉटल बॉडी, कॅम, सायलेन्सर या सगळ्या साखळीत पोर्ट ही एक कडी आहे. बाकी सगळं स्टॉक ठेवून फक्त पोर्ट केला तर चांगल्या फोर-व्हॉल्व्ह इंजिनमध्ये फरक थोडाच पडतो. आधीच कॅम आणि एक्झॉस्ट बदललेल्या गाडीत तोच पोर्ट ठळकपणे जाणवतो. काम करायच्या आधी आणि नंतर एकाच डायनोवर गाडी लावा. आधीचा आलेख नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

बीएस-६ गाडीत अडचण येते का?

एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) मिळून मिश्रण राखतात. हलक्या थ्रॉटलला ईसीयू बदल सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला तो ठरलेल्या तक्त्यावर चालतो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतात. म्हणून पोर्टिंगच्या खर्चात मॅपिंगचा खर्च धरूनच चाला.

रेसिंगचे नियम, आरटीओ, वॉरंटी?

एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेच्या) स्पर्धांत उतरणार असाल तर तुमच्या क्लासचं नियमपुस्तक आधी वाचा. स्टॉक वर्गात पोर्टला पेपर लावलेलासुद्धा तपासणीत पकडला जातो; कास्टिंगचा मूळ खरबरीतपणा एकदा गेला की परत आणता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबाबतचं) लागू आहे, पीयूसी आहे, आणि विमा कंपनीला बदल कळवण्याची जबाबदारी तुमची. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिनची वॉरंटी गेली असंच समजा.

घरी करून बघू का?

भंगारातल्या हेडवर जरूर करा, शिकायला त्यासारखं काही नाही. ॲल्युमिनियमसाठीचा मोठ्या दातांचा बर घ्या. लोखंडाचा बारीक दातांचा बर लगेच भरून जातो. मेण किंवा थोडं रॉकेल लावत राहिलात तर चिकटत नाही. डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क, सैल बाही नको. सीटला जुना व्हॉल्व्ह लावून झाकून ठेवा. काम झाल्यावर हेड गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि तेलाच्या प्रत्येक भोकातून हवा मारा. ॲल्युमिनियमचा एक कीस तेलातून कॅमपर्यंत गेला तर पोर्टिंगपेक्षा मोठं बिल येतं.

भिंत फुटली तर हेड गेलं का?

नेहमीच नाही. टिग वेल्डिंगने भरता येतं, पण वेल्डच्या उष्णतेने हेड वाकतं आणि हीट ट्रीटमेंटने आलेला कडकपणा त्या भागात उतरतो. नंतर फेसिंग, सीट, कॅमची रेषा, सगळं पुन्हा तपासावं लागतं. नवीन हेड सहज मिळत असेल तर नवीनच घ्या. ही वेळ हात आणि मशीन दोघांवरही येते. फरक इतकाच की सीएनसीत ती बहुधा कोअर सरकलेल्या हेडवर येते आणि हाताच्या कामात घाईच्या दिवशी.

काम देताना काय विचारायचं, सोबत काय द्यायचं?

विचारायचं: या मॉडेलची किती हेड केली, त्यांचे लिफ्टनुसार आकडे आणि दाब काय होता, पोर्टचे सीसी किती झाले, सीटचं काम कुठे होतं, आणि फुटलं तर जबाबदारी कुणाची. सीएनसी असेल तर मास्टर पोर्ट कुणाचा, आणि तो कोणत्या कॅमसाठी बनवला होता. रेस कॅमसाठी बनवलेला प्रोग्रॅम रस्त्यावरच्या गाडीत घालून उपयोग नाही. ही उत्तरं तोंडी न घेता बिलावर लिहून घ्या.

सोबत द्यायचं: इनलेट मॅनिफोल्ड आणि त्याचा ओ-रिंग, एक्झॉस्टचं गॅस्केट, हेड गॅस्केट, आणि कोणता व्हॉल्व्ह कुठला ते खुणा करून वेगळ्या पिशव्यांत. बोअर वाढवलेला असेल तर त्याचं माप, कारण बेंचवर हेडखाली त्याच मापाचा सिलिंडर लावावा लागतो. आणि कॅमच्या कॅप त्याच हेडसोबत द्या, त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने. त्या हेडला बसवूनच बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या हेडच्या कॅप लावल्या तर कॅम जाम होतो.